आणे गेले, आणेवारी राहिली: मेढ्याच्या एका डब्यातली नाणी

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे आणि सालं निसटतात, म्हणून नेहमीसारखं लिहूनही देतोय. बोलण्याच्या ओघातलं थोडं तसंच ठेवलंय, चालवून घ्या.

सुरुवात नाण्यापासून नाही, शेतापासून करतो. दरवर्षी खरीप निघायच्या सुमारास आमच्या मेढ्याच्या तहसील कचेरीत एक शब्द ऐकू येतो: पैसेवारी. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. गावाची पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींची आशा, वर गेली की नाही. हल्ली दुष्काळ ठरवायला इतर निकषही आलेत, पण पारावरची चर्चा अजून पैशांतच चालते. जुनी माणसं तर पैसेवारीही म्हणत नाहीत, आणेवारी म्हणतात. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. आठ आणे म्हणजे निम्मं. जुन्या सातबाऱ्यावर भावकीचे हिस्से आण्या-पैत लिहिलेले असायचे आणि त्यावरून आजही जावळी तालुक्यातले भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात.

आता गंमत बघा. आणा हे चलन 1957 साली गेलं. त्याला सहा दशकं उलटून गेली. आणि तरी पीक, जमीन आणि खरेपणा आपण अजून आण्यात मोजतो. "सोळा आणे खरं" म्हणणाऱ्या विशीतल्या पोराने आणा कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

तो नक्की गेला कसा, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आजचा सगळा विषय तिथून सुरू होतो.

जुना हिशोब असा: 1 रुपया म्हणजे 16 आणे, 1 आणा म्हणजे 4 पैसे, 1 पैसा म्हणजे 3 पै. म्हणजे रुपयाचे 64 पैसे आणि 192 पै. आजच्या पोराला हे गणित वेडगळ वाटेल, पण बाजारात ते फार सोयीचं होतं. रुपयाचा अर्धा, पाव, आठवा, सोळावा भाग, सगळे पूर्ण आकड्यात येतात. बोटांच्या पेरांवर हिशोब व्हायचा. 1955 साली संसदेने नाणे कायद्यात दुरुस्ती केली आणि 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 पैसे झाले. जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून नव्याचं नाव ठेवलं "नया पैसा".

खरी अडचण फेडीची होती. एका आण्याचे नवे पैसे किती? सव्वासहा. सव्वा पैशाचं नाणंच नाही. मग सरकारी तक्ता आला: 1 आण्याला 6 नये पैसे, 2 आण्यांना 12, 3 आण्यांना 19 आणि 4 आण्यांना 25. आता तुम्हीच करा हिशोब. आण्या-आण्याने चार वेळा वस्तू घेतली तर 24 पैसे, एकदम चार आण्यांची घेतली तर 25. हा एक पैसा कुणाच्या खिशात जायचा यावरून तेव्हा बाजारात किती तोंडं वाजली असतील! जुनी आणि नवी नाणी काही वर्षं बरोबरीने चालली. 1 जून 1964 पासून "नया" हा शब्द काढून टाकला. म्हणजे ज्या नाण्यावर "नया पैसा" किंवा "नये पैसे" लिहिलंय ते 1957 ते 1963 या सात वर्षांतलं. वय ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

हे सगळं आत्ता निघालं ते एका डब्यामुळे. आमच्या आळीत एक आक्का आहेत. नाव सांगत नाही, त्यांनीच "नको रे बाबा" म्हटलंय. त्यांच्याकडे एक पितळी डबा आहे. नवरा माथाडी कामाला मुंबईत, सासराही मुंबईतच गिरणीत. जावळीतल्या निम्म्या घरांची ही गोष्ट आहे: शेती इथे, पगार मुंबईत, मनीऑर्डर दर महिन्याला. गणपतीला, शिमग्याला माणूस घरी आला की खिशातली चिल्लर डब्यात पडायची. लक्ष्मीपूजनाला तो डबा ताम्हनात रिकामा व्हायचा, हळदकुंकू वाहिलं की परत बंद. कुणी "संग्रह" म्हणून केलेलं नाही हे. पण मला विचाराल तर पैसे मोजून घेतलेल्या अल्बमपेक्षा असा डबा मोलाचा, कारण त्यात एका घराच्या हातून प्रत्यक्ष गेलेला पैसा आहे.

यंदा पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलायचे होते, म्हणून आक्कांनी डबा काढला आणि मला बोलावलं. "बाळा, यातलं इकायजोगं काय हाय ते बघ."

सगळ्यात खाली होते राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये. आपल्याकडची जुनी माणसं त्यांना कल्दार म्हणायची, म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया. 1835 साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखाला एकच रुपया केला. त्याआधी आपल्या मुलखात ठिकठिकाणच्या टाकसाळींचे रुपये चालायचे आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. सराफ गब्बर झाले ते त्यावरच. कल्दार रुपयाचं वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? हाच आपला तोळा. एक रुपया एक तोळा, आणि 80 रुपये एक शेर. घरात वजन नसेल तर रुपये पारड्यात टाकून माल तोलायचे. अकरा भाग चांदी, एक भाग इतर धातू.

आक्कांना वाटत होतं की 1862 सालचा रुपया म्हणजे मोठं घबाड. दीडशे वर्षांहून जुना! इथे मला त्यांची निराशा करावी लागली. 1862 हे साल राणीच्या रुपयावर गोठवलेलं होतं. 1874 पर्यंत रुपये पाडत राहिले, पण साल तेच ठेवलं. मुंबईच्या टाकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके दिले. संग्राहक लोक भिंगातून ते ठिपके मोजत बसतात. म्हणजे इतक्या वर्षांचे रुपये एकाच सालाच्या नावावर. ते दुर्मीळ होणार कुठून?

हा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच होते. जुनं आणि दुर्मीळ यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. किती पाडली, त्यातली किती वितळली आणि उरलेली कोणत्या अवस्थेत आहेत, यावर सगळं ठरतं. दोन उदाहरणं देतो, दोन्ही आक्कांच्या रुपयांपेक्षा नवी आहेत.

पहिलं 1911 चं. पंचम जॉर्ज गादीवर आला, त्याच्या झग्यावर हत्तीचं चित्र होतं. पण नाण्यावर ते इतकं बारीक आणि बेढब उमटलं की लोकांना ते डुक्कर वाटलं. सोंड दिसेना, नुसतं थोबाड दिसे. बोभाटा झाला, बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि 1912 पासून हत्ती नीट काढला. 1911 चा रुपया म्हणून महाग. दुसरं 1939 चं. सहाव्या जॉर्जचा अस्सल चांदीचा हा शेवटचा रुपया. युद्ध सुरू झालं, 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच घालायला लागले. 1938 चा सहज मिळतो, 1939 चा शोधून सापडत नाही. आणि म्हणूनच 1938 च्या 8 चा 9 करून विकणारे बहाद्दर आहेत. कुणी 1939 चा रुपया दाखवला तर आधी शेवटचा आकडा भिंगाखाली बघायचा, मग चहा घ्यायचा.

आक्कांच्या डब्यात यातलं काही नव्हतं. बरेचसे झिजलेले, काहींना दागिन्यात ओवायला कडी डाकलेली. अशा रुपयाला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त कुणी देत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी लक्ष्मीपूजनाला म्हणून पाच ठेवले आणि बाकीचे सोनाराकडे वजनावर दिले. पत्रे आले. संग्राहक मित्रांना हे ऐकून हळहळ वाटेल. मला नाही वाटली. पावसाळ्यात वेण्णाखोऱ्यात जो पाऊस पडतो त्याची कल्पना ज्याला आहे, त्यालाही वाटणार नाही.

माझा जीव गुंतला तो डब्याच्या वरच्या थरात, ज्याला आक्का "भंगार" म्हणत होत्या.

त्यात भोकाचा पैसा होता. 1943 पासून महायुद्धाच्या टंचाईत तांबं वाचवायला सरकारने पैशाच्या मधोमध भोक पाडलं. वजन आधीच्या पैशाच्या निम्म्याहून कमी झालं. पोरं तो करदोट्यात ओवायची. आता साल बघा, 1943. आपल्या साताऱ्यात तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. गावात न्याय एका सरकारचा आणि खिशात पैसा दुसऱ्या सरकारचा! शाळेच्या इतिहासात हे दोन धडे कधी शेजारी येत नाहीत.

पुढे 1947 चा रुपया. एका बाजूला इंग्रजाचा राजा, दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ. चांदी पूर्ण गेली, निव्वळ निकेल आलं. युद्धात अमेरिकेकडून चांदी उसनी घेतली होती, ती परत करायची होती, हेही त्यामागचं एक कारण. स्वातंत्र्य मिळालं तरी राजाचंच तोंड नाण्यावर चालू राहिलं. ते गेलं 15 ऑगस्ट 1950 ला. तेव्हा अशोकस्तंभाचे सिंह आले. पैशावर घोडा, अर्धा आणा ते दोन आण्यांवर बैल, आणि पावली, अधेली, रुपयावर धान्याची कणसं. आण्यांची ही देखणी मालिका जेमतेम सात वर्षं टिकली, मग दशमान पद्धत आली.

आता एक प्रयोग सांगतो, पोरांना घेऊन करा. घरातली सगळी चिल्लर ताटात काढा आणि लोहचुंबक फिरवा. 1947 आणि 1950 चे रुपये चिकटतील. 1957 नंतरचे 25 आणि 50 नये पैसेही चिकटतील. कारण निकेल. सत्तरच्या दशकात तांबं-निकेलाचा मिश्रधातू आला, ती नाणी चिकटणार नाहीत. आणि 1988 पासूनची 10, 25, 50 पैशांची आणि 1992 पासूनचा छोटा रुपया परत चिकटतील, कारण ते स्टेनलेस स्टील. घाटावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. आमच्या मेढ्यावरून वाहत जाणारी वेण्णा पुढे संगम माहुलीला कृष्णेला मिळते, तिथेही लोक पाण्यात नाणं सोडतात. त्या पोरांच्या चुंबकाला 1980 चा जाडजूड रुपया लागणार नाही, 1995 चा लागेल. तो ठोकळा रुपया गाळातच बसून राहतो.

धातू का बदलत गेला, याचं उत्तर एकाच शब्दात आहे: महागाई. नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा आतला धातू महाग झाला की लोक ते वितळवतात. इतके वितळवायला लागले की 1971 मध्ये छोट्या नाण्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. चांदीचं निकेल झालं, निकेलाचं तांबं-निकेल, त्याचं स्टील. छोटी नाणी ॲल्युमिनियमची. आक्कांच्या डब्यात ती भरपूर: चौकोनी एक पैसा, नागमोडी कडेचा दोन पैसा, षटकोनी तीन पैसा, चौकोनी पाच पैसा. आकार वेगळे असल्याचा फायदा असा की अक्षर न वाचता, अंधारातही बोटाने नाणं कळायचं. आताचा रुपया आणि दोन रुपये एसटीत कंडक्टरला देताना किती वेळा उलटसुलट बघावे लागतात, सांगा.

या आधुनिक नाण्यांचा संग्रह फुकटात सुरू करता येतो, आणि त्यासाठी एकच गोष्ट शिकावी लागते: सालाखालची खूण. मुंबईच्या टाकसाळीची खूण हिऱ्यासारखा चौकोन. हैदराबादची चांदणी. नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूण म्हणजे काहीच नाही, साल कोरं. आमच्याकडच्या डब्यांत बहुतेक मुंबईचा चौकोनच निघतो. पैसाही मुंबईहूनच आलेला, दुसरं काय निघणार.

पण याहून मजेशीर खुणा आहेत. ऐंशीच्या दशकात सुट्ट्या पैशांचा इतका तुटवडा होता की दुकानदार मोड म्हणून गोळ्या द्यायचे, कुपनं द्यायचे. आपल्या टाकसाळींना झेपेना. मग 1985 मध्ये परदेशी टाकसाळींकडून नाणी पाडून घेतली. त्या सालच्या रुपयाखाली बारीक इंग्रजी एच दिसलं तर तो बर्मिंगहॅमच्या हीटनचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी परत तेच झालं. मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया, स्लोव्हाकियातलं क्रेमनित्सा, मॉस्को. तुमच्या देव्हाऱ्यातल्या सव्वा रुपयातला रुपया स्लोव्हाकियात जन्मलेला असू शकतो. यातली बरीच नाणी स्वस्त आहेत, पण ओळखता आली की जो आनंद होतो त्याला किंमत नाही.

आणि घरचे विषयही आहेत की. 1990 चा डॉ. बाबासाहेबांचा रुपया घ्या. बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 ला दाखल झाले. 1999 चं शिवछत्रपतींचं दोन रुपयाचं नाणं आहे, त्याच सालचा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आहे. ही सगळी चलनात आलेली नाणी, लाखमोलाची वगैरे नाहीत. पण साताऱ्याच्या पोराने संग्रह इथून सुरू करावा असं माझं मत आहे.

आता जरा कडू विषय. आक्कांच्या नातवाने आजीला मदत म्हणून मोबाइलवर एक जाहिरात बघितली होती: वैष्णोदेवीचं नाणं द्या, दहा लाख घ्या. डब्यात ते नाणं होतं. 2012 चं, पाच रुपयाचं. पोराने फोटो पाठवला. लगेच फोन आला, गोड बोलणं, ओळखपत्राचा फोटो, त्यावर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह. आधी नोंदणी फी मागितली, ती पोराने भरली. मग जीएसटी मागितला, तेव्हा ते माझ्याकडे आले. आम्ही लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. भरलेले पैसे अजून आलेले नाहीत. रक्कम सांगत नाही, पण एका पत्र्याची किंमत गेली म्हणा.

त्या पोराला कुणी हसू नये. वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या पंचवीस वर्षांनिमित्त काढलेलं हे साधं चलनी नाणं आहे, आणि त्याच्यासारखीच गत ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेची. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर केलं की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारात बँक नसते, कसलीही फी, कमिशन, कर मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा संग्राहक आधी नाणं हातात घेऊन बघतो आणि तुम्हाला पैसे देतो. तुमच्याकडून आधी पैसे मागणारा चोर. इतकं साधं आहे हे.

आणि हो, उलटी फसवणूकही चालते. चांगलं चलनी नाणं "बंद झालं" म्हणून दुकानदार घेत नाहीत. दहाच्या नाण्याचं तसंच झालं होतं. रिझर्व्ह बँकेला 2018 मध्ये सांगावं लागलं की दहाची चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत. बंद झाली ती 25 पैसे आणि त्याखालची, 30 जून 2011 पासून. आठाणे आजही कायद्याने चालतात, बाजारात कुणी घेवो न घेवो.

ठेवायचं कसं, हेही थोडक्यात सांगतो. पहिला नियम: घासू नका. चिंच नको, राख नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. आपल्या बायाबापड्या पूजेआधी नाणी लख्ख करतात, भाव चांगला, पण तांब्यावरचा तो तपकिरी थर म्हणजे नाण्याची कातडी आहे. ती गेली की संग्राहकाच्या लेखी नाणं मेलं. नाणं कडेने धरा. मऊ चिकट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तांब्याची नाणी हिरवी पडतात. कोऱ्या कागदाच्या छोट्या पाकिटात एकेक ठेवा, पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कुणाकडून आलं, कधी. जावळीतल्या ओलीत डब्यात सिलिकाची पुडी टाकायला विसरू नका. खरी नाणी एका जागी बघायची असतील तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि तिचं संग्रहालय. शाळेच्या सहली तिकडे न्या.

शेवटी शिवराईबद्दल, कारण जावळीचं नाव काढलं की पहिला प्रश्न तोच येतो. जावळी 1656 साली महाराजांनी घेतली. शिवराई आली राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 ला. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपती". ही तांब्याची शिवराई पुढे पेशवाईभर पाडली गेली आणि इंग्रजी अमदानीतही बराच काळ बाजारात चालली. म्हणून तुमच्या घरातली शिवराई महाराजांच्या हयातीतलीच असेल असं नाही. मजकुराच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी, नंतरची आणि भरपूर मिळणारी. बनावटही खूप आहेत, सोन्याच्या होनाच्या तर विचारूच नका. गंमत म्हणजे मराठ्यांच्या चांदीच्या रुपयांवर फारसीत मोगल बादशहाचं नाव असायचं. देवनागरीत राजाचं नाव राहिलं ते गरिबाच्या हातातल्या तांब्यावर.

आणि नांगरटीत किंवा पाया खणताना जुन्या नाण्यांचं गाडगं लागलं तर? 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा 1878 पासून कुणी बदललेला नाही. म्हणजे आजच्या हिशोबाने एकच शिवराई सापडली तरी कळवायचं. लोक घाबरून लपवतात, रातोरात वाटून घेतात, सोनाराकडे वितळवतात. कळवलं तर सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदल्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. लपवलं तर दंड आहे, तुरुंगही आहे. आणि गाडग्यातली नाणी वेगवेगळी झाली की ती कोणत्या काळात, कोणत्या गडबडीत पुरली होती हे कायमचं कळेनासं होतं. सापडलं तर जागचं हलवू नका, फोटो काढा, तलाठ्याला आणि तहसीलला अर्ज द्या, पोच घ्या.

तुमच्या घरातल्या डब्यात काय निघालं ते कळवा. फोटो पाठवताना दोन्ही बाजूंचे पाठवा आणि सालाखालची खूण दिसेल असा एक जवळून. पुढच्या भागात पुतळ्यांच्या माळेतली सोन्याची पुतळी व्हेनिसहून आपल्याकडे कशी आली, ते बोलू.